ऑपरेशनची तारीख देताना विडीचीही तारीख द्या

भूल देण्याआधीची तपासणी, म्हणजे पेशंटच्या भाषेत 'फिटनेस', बहुतेक ठिकाणी ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी होते. त्या कागदावर व्यसनांचा एक रकाना असतो. तिथे 'विडी, २० वर्षे' असे लिहिले जाते, भूलतज्ज्ञ 'आता बंद करा हं' म्हणतो, पेशंट मान डोलावतो आणि कागद पुढे सरकतो. या सल्ल्याने रक्तातल्या ऑक्सिजनला फायदा होतो, हृदयालाही थोडा होतो. जखमेला मात्र जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण जखमेच्या हिशेबाने तो तीन-चार आठवडे उशिरा आलेला असतो.

सल्ल्याचा खरा दिवस वेगळाच. सर्जन ओपीडीत 'ऑपरेशन करावं लागेल' असे म्हणतो, तो दिवस. त्यानंतर रक्ताच्या तपासण्या, योजनेची मंजुरी, पैशांची जुळवाजुळव, सोयाबीनची काढणी, पुतणीचे लग्न, सरकारी रुग्णालयात तारखेची रांग. हर्निया, पित्ताशय, गुडघ्याचा सांधा, मणका अशा नियोजित ऑपरेशनांत पहिल्या भेटीपासून टेबलावर येईपर्यंत कित्येक आठवडे आपोआप जातात आणि त्यांचा उपयोग कुणीच करत नाही. म्हणून आग्रह एवढाच: ज्या कागदावर ऑपरेशनची तारीख लिहिली जाते, त्याच कागदावर विडी बंद करायची तारीख लिहावी आणि त्याच भेटीत औषधही द्यावे.

किती दिवसांत काय सुधारते

आधी सर्वांत पटकन सुधारणारी गोष्ट. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. नियमित ओढणाऱ्याच्या हिमोग्लोबिनचा पाच ते दहा टक्के भाग असा अडकलेला असतो, कधी त्याहून जास्त. साध्या हवेत विश्रांती घेताना हे प्रमाण साधारण चार तासांनी निम्मे होते. म्हणजे रात्री नऊला शेवटची विडी ओढली, तर सकाळी नऊला आठवा हिस्साच उरतो. आदल्या दिवशी दिलेला सल्लाही वाया जात नाही, तो या हिशेबामुळे.

इथे एक फसवी गोष्ट आहे. बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालेच समजतो. सकाळी गेटबाहेर जाऊन दोन विड्या ओढून आलेल्या माणसाच्या बोटावर ९८ दिसू शकतात आणि प्रत्यक्षात ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन बरेच कमी असते. त्यामुळे 'आकडा चांगला आहे' यावर विसंबू नये.

निकोटिन रक्तातून दोनेक तासांत निम्मे होते, त्यामुळे नाडी आणि रक्तदाबावरचा त्याचा ताण एका दिवसात ओसरतो. श्वासनलिकांचा चिडखोरपणा मात्र हळूहळू कमी होतो. भूल देताना अचानक खोकला येणे, घशाची झडप आवळणे, छाती आवळणे हे ओढणाऱ्यांत जास्त घडते आणि एका रात्रीत ते जात नाही. कफ बाहेर ढकलणारे बारीक केस पुन्हा नीट काम करू लागायला आठवडे लागतात. जखम भरणे आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे काम यांनाही साधारण तीन ते चार आठवडे लागतात. टाक्यातून पाणी येणे, पू होणे, कडा न जुळणे, हर्नियाची जाळी उघडी पडणे, मणक्याची हाडे न सांधणे ही सर्जनची डोकेदुखी या शेवटच्या गटातली आहे.

हे अंदाज नाहीत. कोपनहेगनमध्ये गुडघा आणि खुब्याचा सांधा बदलायच्या १२० रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्या रुग्णांना ऑपरेशनच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून दर आठवड्याला समुपदेशन आणि निकोटिनचे पर्यायी औषध दिले. त्यांच्यात एकूण गुंतागुंत १८ टक्के झाली, नेहमीच्या पद्धतीने गेलेल्यांत ५२ टक्के. जखमेच्या तक्रारी ५ टक्के विरुद्ध ३१ टक्के. स्टॉकहोममध्ये २००८ साली चार आठवडे आधी सुरुवात करून हर्निया, पित्ताशय आणि सांध्यांच्या रुग्णांत हेच पाहिले: २१ टक्के विरुद्ध ४१ टक्के. औषधाच्या एखाद्या नव्या गोळीने इतका फरक पडला असता, तर ती प्रत्येक वॉर्डात पोचली असती.

कोपनहेगनच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पूर्ण बंद करणाऱ्यांना फायदा झाला, नुसते कमी करणाऱ्यांना जखमेच्या बाबतीत तो दिसला नाही. म्हणून 'वीसच्या दहा करतो साहेब' हा सौदा नाकारायचा. विडी कमी ओढणारा माणूस प्रत्येक विडी जोरात आणि शेवटपर्यंत ओढतो, निकोटिनचा हिशेब शरीर बरोबर पुरा करून घेते.

आठ आठवड्यांची भीती

'ऑपरेशनला आठच दिवस राहिलेत, आता सोडलं तर कफ वाढेल, राहू दे' असे सांगणारे डॉक्टर अजून भेटतात. या समजाचे मूळ १९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. बायपासच्या रुग्णांमध्ये आठ आठवड्यांपेक्षा कमी काळ आधी सोडलेल्यांत फुप्फुसाची गुंतागुंत जास्त दिसली होती. पण या अभ्यासाचा आधार देताना दोन गोष्टी विसरल्या गेल्या. रुग्ण थोडेच होते. शिवाय ज्यांना आधीच दम लागत होता किंवा खोकला वाढला होता, तेच घाबरून ऐन वेळी सोडतात. २०११ मध्ये नऊ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उशिरा सोडल्याने गुंतागुंत वाढते असे आढळले नाही. कफ थोडे दिवस मोकळा होऊन जास्त वाटू शकतो. त्यावर उपाय वाफ, पाणी, श्वासाचे व्यायाम आणि कफ थुंकणे हा आहे, विडी चालू ठेवणे हा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये हेच मांडले: ऑपरेशनच्या सुमारे चार आठवडे आधी सोडले तर गुंतागुंत लक्षणीय कमी होते. म्हणून शक्य असेल तेव्हा चार आठवडे, नसेल तेव्हा जितके मिळतील तितके. कॅन्सरचे किंवा तातडीचे ऑपरेशन विडीसाठी पुढे ढकलायचे नाही. उद्या सकाळचे ऑपरेशन असेल तर आज संध्याकाळपासून बंद, यातही अर्थ आहे.

विचारायचे कसे

महाराष्ट्रात नुसते 'स्मोकिंग करता का' एवढे विचारून भागत नाही. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे धूर काढणारे थोडे आणि तोंडात धरणारे भरपूर. धूर सोडायला सांगितला की माणूस तंबाखू-चुन्याकडे वळतो, विदर्भात खर्ऱ्याकडे, इतरत्र माव्याकडे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरीही प्रश्नाच्या यादीतून तो काढू नये. म्हणून प्रश्न एकेक करून: विडी? सिगारेट? तंबाखू मळून खाता? मावा, खर्रा, गुटखा? तपकीर? मिश्री?

बायकांना 'तंबाखू खाता का' असे विचारले, तर उत्तर बहुधा 'नाही बाई' असते आणि ते त्यांच्या दृष्टीने खरेही असते. 'दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?' असे विचारले की मिश्री बाहेर येते. तीन-चार वेळा घासत असतील तर ते दातांसाठी नाही, तलफेसाठी आहे. हा प्रश्न सासू आणि सून एकत्र बसलेल्या असताना न विचारलेला बरा.

'दिवसाला किती?' याचे उत्तर विड्यांच्या बाबतीत कधीच खरे येत नाही. 'एक बंडल किती दिवस जातं?' आणि 'काडेपेटी किती दिवसांनी घ्यावी लागते?' हे विचारले की आकडा खऱ्याजवळ येतो. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते खरी, पण तेंदूपत्त्यातून हवा कमी येते आणि ती विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन कमी मिळत नाही. 'सिगारेट नाही साहेब, साधी विडी' याला सूट नाही.

मग दोन प्रश्न, ज्यांवर औषधाचा डोस ठरतो. उठल्यावर पहिली कधी? पाच मिनिटांत असेल तर ३ गुण, सहा ते तीस मिनिटांत २, एकतीस ते साठ मिनिटांत १, नंतर शून्य. दिवसाला किती? दहापर्यंत शून्य, अकरा ते वीस १, एकवीस ते तीस २, त्यापुढे ३. बेरीज पाच-सहा आली, तर हा माणूस नुसत्या मनोबलावर सोडू शकत नाही असे गृहीत धरावे. दोनपर्यंत असेल तर निकोटिनच्या च्युइंगमवरही भागते. एक मिनिट लागते, नर्सही हे करू शकते.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचे छोटे यंत्र असेल तर उत्तम. आकडा डोळ्यांना दिसतो, आठवड्याने खाली आलेला दिसला की पेशंट स्वतःच खूश होतो. पण ते पोलिसासारखे वापरू नये. शिवाय चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईचा आकडा एकही विडी न ओढता वर येऊ शकतो.

आणि लहान मुलाचे ऑपरेशन असेल तर प्रश्न बापाला. घरातल्या धुरात वाढणाऱ्या मुलांना भुलेत घशाची झडप आवळण्याचा त्रास जास्त होतो.

सांगायचे कसे

व्याख्यान नको. कॅन्सरचे भयंकर फोटो पाकिटावर असतातच, ते पाहूनच तो ओढत आला आहे. ऑपरेशनवाल्याला पंचवीस वर्षांनंतरचे सांगण्यापेक्षा पंचवीस दिवसांनंतरचे सांगावे. उदाहरणार्थ असे:

'काका, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला. विडी चालू राहिली तर टाक्यात पू व्हायची आणि खोकल्याने हर्निया परत यायची भीती जास्त. विडी या महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे आजपासून तीन दिवसांनी बंद करायची. तलफ येईल, त्यासाठी औषध देतो. घरी कोण विडी ओढतं? त्यांनाही पुढच्या वेळी घेऊन या.'

यात चार गोष्टी आहेत: त्याच्याच ऑपरेशनचा धोका, ठरलेली तारीख, औषध आणि घरचा माणूस. साठ-सत्तर सेकंदांत होते. नंतरचे लांबलचक समुपदेशन दुसऱ्याकडे सोपवता येते. भारत सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, १८००-११-२३५६ दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झाली आणि २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रे जोडली गेली. हा नंबर पाकिटांवर छापलेला असतोच. पण 'फोन करा' असे सांगून सोडून दिले की बहुतेक जण करत नाहीत. ओपीडीतच पेशंटच्या मोबाइलवरून पहिला फोन लावून द्यावा.

'विडी सोडल्याशिवाय ऑपरेशनच करणार नाही' अशी धमकी सहसा उलटते. पेशंट सोडत नाही, खोटे सांगायला शिकतो आणि मग भूलतज्ज्ञाला खरी माहितीच मिळत नाही. अपवाद आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

एक आक्षेप खेड्यातून हमखास येतो: 'विडीशिवाय पोट साफ होत नाही.' याला हसून उडवू नये. निकोटिन आतडे हलवते आणि सोडल्यावर पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होणे हे खरेच सोडण्याचे लक्षण आहे. त्यात हर्निया किंवा मूळव्याधीचे ऑपरेशन असेल तर कुंथणे घातक. म्हणून विडी बंदच्या तारखेपासूनच रात्री इसबगोल, भरपूर पाणी, गरज पडल्यास सौम्य रेचक हे औषधाच्या चिठ्ठीवरच लिहावे. एवढ्या एका ओळीने बरेच जण टिकतात.

औषधे, आणि ती कुठे फसतात

निकोटिनचा च्युइंगम सर्वांत सहज मिळतो, आणि सर्वांत चुकीचा वापरला जातो. २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदी असतात. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागते किंवा दिवसाला वीसच्या वर जातात अशांना ४, बाकीच्यांना २. पहिली चूक म्हणजे तो साध्या च्युइंगमसारखा चघळणे. भराभर चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, यकृतात बरेचसे संपते आणि माणसाला मिळते काय, तर उचकी, घशात जळजळ आणि मळमळ. 'मला सोसत नाही' म्हणून तो टाकून देतो. रीत अशी: सावकाश आठ-दहा वेळा चावायचा, तोंडात मिरीसारखी झणझण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. झणझण गेली की पुन्हा थोडे चावायचे, पुन्हा दुसऱ्या बाजूला दाबायचा. अर्धा तास. तंबाखू गालात धरणाऱ्याला हे शिकवायला एक वाक्य पुरते: 'तंबाखूची गोळी धरता तसा धरा, फक्त पिंक मारू नका.'

दुसरी चूक चहाची. चहा, कॉफी, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक यांनी तोंड आंबट होते आणि आंबट तोंडात निकोटिन गालातून आत शिरत नाही. आधी पंधरा मिनिटे आणि च्युइंगम तोंडात असताना यातले काही घ्यायचे नाही. विडी आणि चहा ही जोडी इतकी जुनी की पेशंट चहाबरोबरच च्युइंगम घेतो आणि 'काही होत नाही' म्हणतो.

तिसरी चूक डोसाची. दिवसाला दोन-तीन च्युइंगम म्हणजे नसल्यातच जमा. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला आठ-दहा तरी, तलफ येण्याची वाट न पाहता. कवळी असेल, चावताना जबडा दुखत असेल, तोंडाचेच ऑपरेशन असेल तर च्युइंगम देऊ नये.

पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी, सोपा. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा चोवीस तासांचा, सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन. दहापर्यंत ओढणाऱ्याला १४ पासून. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून. झोप उडाली किंवा विचित्र स्वप्ने पडू लागली तर रात्री काढून ठेवायचा. पॅच संथ आहे, अचानक आलेली तलफ तो मारत नाही, म्हणून जास्त गुणवाल्याला पॅच आणि वर तलफेसाठी २ मिलिग्रॅमचे च्युइंगम अशी जोडी द्यावी. ती एकट्या कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त चालते. अडचण एवढीच, की तालुक्याच्या गावी पॅच प्रत्येक दुकानात मिळेल असे नाही. चिठ्ठी देण्याआधी जवळच्या मेडिकलमध्ये माल आहे का, हे विचारून ठेवणे हे डॉक्टरचेच काम.

व्हॅरेनिक्लिन ही तलफ कमी करणारी गोळी बंदच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करायची: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. म्हणजे ऑपरेशनला पाच आठवडे असतील तेव्हा चिठ्ठी लिहिली तर चार आठवडे मिळतात. मळमळ ही मुख्य तक्रार. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर ती बरीच कमी होते, उपाशीपोटी घेतली तर हमखास होते. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर डोस निम्मा. ब्युप्रोपिऑन ही तलफेवरची दुसरी गोळी आकडी येणाऱ्याला देत नाहीत. ते देत असाल तर भूलतज्ज्ञाच्या कानावर घाला.

ई-सिगारेट हा पर्याय भारतात नाही, २०१९ च्या कायद्याने तिची विक्री बंद आहे.

'पण निकोटिनच जखमेला वाईट ना?' हा सर्जनचा रास्त प्रश्न. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते, हे खरे. पण निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम छोट्या जखमा करून डेन्मार्कमध्ये झालेल्या २००३ च्या अभ्यासात ओढणाऱ्यांत जंतुसंसर्ग १२ टक्के आणि कधीच न ओढणाऱ्यांत २ टक्के होता. चार आठवडे सोडल्यावर तो उतरला, आणि सोडलेल्यांपैकी निकोटिन पॅचवाले आणि नकली पॅचवाले यांच्यात फरक दिसला नाही. बहुतेक ऑपरेशनांसाठी पॅच हा विडीपेक्षा कितीतरी बरा. अपवाद प्लास्टिक सर्जरीतल्या फ्लॅपचा (कातडी-मांसाचा तुकडा सरकवून दुसरीकडे जोडण्याचा) आणि अशाच नाजूक रक्तपुरवठ्याच्या कामांचा. तिथे अनेक सर्जन निकोटिनही नको म्हणतात आणि कोटिनिनची, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची, तपासणी करून घेतात. ती मागवताना लक्षात असू द्या, की पॅच किंवा च्युइंगमवाल्यालाही ती पॉझिटिव्ह येते. त्याला खोटारडा ठरवण्याआधी चिठ्ठी पाहा. हार्ट अटॅक नुकताच येऊन गेला असेल तर निकोटिन देण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाशी बोलून.

आता एक अशी बाब, जी जवळजवळ सगळेच विसरतात. धुरातल्या काजळीने यकृतातले एक विकर (एन्झाइम) वाढते आणि ते काही औषधे भराभर संपवते. विडी थांबली की ते विकर काही दिवसांत खाली येते आणि तोच डोस जास्त होतो. दम्याच्या आणि सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांना आपल्याकडे थिओफायलिन सर्रास दिले जाते. विडी सोडल्याच्या आठवड्यात त्याला धडधड, मळमळ, थरथर सुरू झाली तर 'सोडल्यामुळे होतंय' म्हणून परत विडीकडे धाडण्याऐवजी थिओफायलिन कमी करा. क्लोझापिन आणि ओलान्झापिनचेही तेच, तिथे मानसोपचारतज्ज्ञाला आधी कळवा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवाल्याची रक्ताची तपासणी लवकर करा, इन्शुलिनवाल्याची साखर जवळून पाहा. कॅफिनसुद्धा याच वाटेने जाते. विडी सोडलेला माणूस दिवसाला सहा कप चहा आधीसारखाच पीत राहिला, तर त्याला दुप्पट कप प्यायल्यासारखे होते: झोप नाही, चिडचिड, धडधड. चहा निम्मा करा, हा सल्ला चिठ्ठीवर हवा. इन्शुलिन वगळता हे सगळे धुरामुळे होते, निकोटिनमुळे नाही, म्हणून पॅच लावूनही होते आणि मिश्री-तंबाखूवाल्याला होत नाही.

दाखल झाल्यावर

सोडण्याचा त्रास पहिल्या आठवड्यात, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. ऑपरेशनच्याच दिवशी पहिल्यांदा विडी थांबली, तर तो त्रास नेमका ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर येऊन बसतो. म्हाताऱ्या पेशंटला रात्री गोंधळ झाला, सलाइन उपटले, शिव्या घातल्या, तर सोडियम, ऑक्सिजन, साखर, लघवी तुंबणे हे पाहाच, पण वीस वर्षांची विडी काल अचानक थांबली आहे हेही फाइलवर ठळक लिहिलेले असावे. दारूचेही स्वतंत्रपणे विचारावे, तिचा त्रास अधिक धोक्याचा.

ऑपरेशनच्या सकाळी पॅच चालू ठेवायला हरकत नाही. तो छेदाच्या जागेपासून दूर लावावा. टेबलावर गरम हवेचे पांघरूण वापरणार असाल तर त्याच्याखाली पॅच नको, उष्णतेने निकोटिन जास्त शोषले जाते. एमआरआयला जाण्यापूर्वी पॅच काढावा, काही पॅचच्या मागच्या बाजूला धातूचा पातळ थर असतो. च्युइंगमवाल्याने थिएटरमध्ये जाण्याआधी तो थुंकलेला आहे, हे नर्सने तोंड उघडून पाहावे. उपास असल्यामुळे त्या दिवशी पॅच जास्त सोयीचा.

ओढणाऱ्यांना ऑपरेशननंतर दुखण्याची औषधे जास्त लागतात, त्याची तयारी ठेवावी. उलट्या मात्र त्यांना कमी होतात, हे चमत्कारिक असले तरी खरे आहे. विडीच्या बाजूने बोलणारी ही एकमेव नोंद.

वॉर्डातली खरी पळवाट गेटबाहेर असते. रुग्णालयात ओढायला कायद्याने बंदी आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंडही. पण शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची मनाई २००३ च्या कायद्यात शैक्षणिक संस्थांपुरती आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातली टपरी त्यात येते, नुसत्या हॉस्पिटलसमोरची येत नाही. त्यामुळे हाताला सुई टोचलेला पेशंट टपरीवर दिसतो. बहुधा त्याला तिथे नेणारा असतो सोबतचा मेहुणा किंवा मित्र, 'एवढं मोठं ऑपरेशन झालं, एक तरी मार' म्हणणारा. म्हणून सोबत राहणारा कोण, हे आधीच ठरवून घ्यावे आणि शक्यतो न ओढणारा असावा.

घरी सोडताना

दवाखान्यात चार-पाच दिवस नाइलाजाने विडी बंद राहते, ही मोठी संधी असते, आणि डिस्चार्ज कार्डावर ती सर्वांत आधी हरवते. जखम भरायला ऑपरेशननंतरचेही काही आठवडे हवेत, हाड सांधायचे असेल तर काही महिने. तरी कार्डावर अँटिबायोटिक असते, पित्ताची गोळी असते, निकोटिनची चिठ्ठी संपलेली असते. पॅच किंवा व्हॅरेनिक्लिनचा पूर्ण काळ ऑपरेशनआधीच्या आठवड्यांसह मोजून उरलेले सगळे औषध कार्डावर तारखांसह लिहावे. पुढच्या भेटीसाठी टाके काढायचा दिवस आयता मिळतो. त्या दिवशी प्रश्न एकच, पण नेमका: 'काल विडी ओढली का?' 'सोडली ना?' असे विचारले की उत्तर 'हो' येणारच.

ओढली असेल तर रागावू नये. कधी, कुणाबरोबर, कशानंतर हे विचारावे. बहुधा सकाळचा चहा, संडास किंवा पारावरची बैठक यांपैकी एक निघते. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांची असते, तेवढ्यासाठी त्या जागेला काय करायचे ते ठरवून द्यावे: सकाळी चहाच्या आधी पंधरा मिनिटे च्युइंगम संपवायचा, पारावर पंधरा दिवस जायचे नाही. तंबाखू किंवा मिश्री सुरू झाली आहे का, हे वेगळे विचारावे. मग नवी तारीख त्याच कार्डावर, आधीच्या तारखेखाली लिहून, सहीसह द्यावी.